अंमली पदार्थांच्या कायद्याचा आढावा कसा घ्यावा: किनारपट्टीवरील अभ्यासगटांसाठी मार्गदर्शन

ऑगस्ट 2023 मध्ये दापोली आणि श्रीवर्धन तालुक्यांच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटे भरतीबरोबर वाहून येऊ लागली, आणि पोलिसांनी व कस्टम्सच्या लोकांनी गावोगावच्या पुळणी पायी पिंजून काढल्या. मी तालुका न्यायालयात वकिली करतो. त्या दिवसांत एका मच्छीमार सोसायटीने कायद्याची माहिती देण्यासाठी मला बैठकीला बोलावले होते. बोलणे संपल्यावर मागच्या बाकावरून एक वयस्कर तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, उठले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, जाळ्यात असलं पाकीट आलं तर बोटीत घ्यायचं की परत दर्यात सोडायचं? घेतलं तर आम्ही गुन्हेगार, सोडलं तर उद्या कोणाच्या तरी पोराच्या हाती लागणार." मी "पोलिसांना कळवा" असे सांगून वेळ निभावली, पण घरी येऊन कायदा पुन्हा वाचला तेव्हा माझे उत्तर अपुरे होते हे कळले.

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985, म्हणजे आपण ज्याला रोजच्या बोलण्यात एनडीपीएस कायदा म्हणतो, त्याच्या कलम 46 नुसार जमीनधारकाने आपल्या जमिनीत बेकायदा गांजा किंवा अफू पिकत असेल तर तात्काळ खबर दिली पाहिजे, आणि कलम 47 नुसार तेच कर्तव्य सरकारी अधिकाऱ्यांवर, पंचांवर आणि सरपंचांवर आहे. ही दोन्ही कलमे जमिनीकडे पाहून लिहिलेली आहेत. समुद्रातून आलेले पाकीट उचलून आणून देणाऱ्याला संरक्षण देणारे वेगळे कलम या कायद्यात नाही. उलट कलम 54 आणि कलम 35 यांतील गृहीतकांमुळे, ज्याच्या ताब्यात पदार्थ सापडला त्यालाच आपण निर्दोष असल्याचे दाखवावे लागते.

त्या एका प्रश्नातून आमचा लहान अभ्यासगट उभा राहिला. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक, प्राथमिक आरोग्य केंद्रातील एक डॉक्टर, दोन तरुण वकील आणि त्याच सोसायटीचे सचिव होते. एखाद्या कायद्याचा आढावा घेऊन तो विधिमंडळापर्यंत पोचवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे आम्ही चुका करत शिकलो. पुढील मजकूर त्या शिकण्यातून आलेला आहे, आणि अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही गावातील गटाला तो वापरता यावा अशा बेताने लिहिला आहे.

अधिकार कोणाचा, हे आधी ठरवा

आमची पहिली चूक येथेच झाली. आम्ही मोठ्या उमेदीने नऊ पानी निवेदन तयार केले, त्यात सेवनाच्या गुन्ह्याची शिक्षा बदलण्याची मागणी केली आणि ते राज्य शासनाच्या एका कार्यालयाला पाठवले. चार महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले की, सदर विषय केंद्र शासनाच्या अखत्यारीतील असल्याने निवेदन निकाली काढण्यात येत आहे. त्यावर रागावण्यासारखे काही नव्हते, कारण उत्तर बरोबर होते.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत हा विषय विखुरलेला आहे आणि आढाव्याचे पहिले काम म्हणजे तो गोळा करणे. फौजदारी कायदा, फौजदारी प्रक्रिया आणि औषधे व विषे हे समवर्ती सूचीतील विषय आहेत. अफूची लागवड, उत्पादन आणि निर्यातीसाठीची विक्री केंद्राकडे आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, तुरुंग आणि सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हे राज्याचे विषय आहेत. त्याशिवाय 1961, 1971 आणि 1988 च्या आंतरराष्ट्रीय करारांची बांधिलकी भारतावर आहे, त्यामुळे मूळ मनाईची चौकट संसदेच्या हाती राहते.

समवर्ती विषयावर राज्य विधिमंडळाला कायदा करता येतो हे खरे, पण तो केंद्रीय कायद्याशी विसंगत असेल तर अनुच्छेद 254 प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. या वाटेवर काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. महिलांवरील गुन्ह्यांसाठीचे शक्ती विधेयक संयुक्त समितीतून जाऊन डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले, परंतु संमती न मिळाल्यामुळे ते कायदा होऊ शकले नाही. म्हणून "राज्याने एनडीपीएसमधील शिक्षा बदलावी" ही मागणी लिहायला सोपी असली तरी तिच्यावर सगळी शक्ती खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती केंद्राच्या वित्त मंत्रालयातील महसूल विभागाकडे आणि आपल्या खासदारांकडे स्वतंत्र पत्राने जावी.

राज्याच्या हाती उरते ते कमी नाही. कलम 10 खालील परवान्यांचे आणि कलम 78 खालील नियमांचे अधिकार राज्याचे आहेत. कोणत्या पोलीस अधिकाऱ्यांना झडतीचे आणि तपासाचे अधिकार द्यायचे, प्रयोगशाळेत किती माणसे नेमायची, व्यसनमुक्तीची केंद्रे कोठे उघडायची, विशेष न्यायालयांसाठी पैसा किती द्यायचा, हे राज्यातच ठरते. झाडाच्या बिया आणि नुसती पाने फुलोऱ्याच्या शेंड्यांशिवाय असतील तर ती एनडीपीएसमधील गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे पानांपासून होणाऱ्या भांगेचा प्रश्न राज्याच्या कायद्याकडे, म्हणजे 1949 च्या दारूबंदी कायद्याकडे जातो. अंमली पदार्थांच्या गुन्हेगारांना स्थानबद्ध करणारा 1981 चा एमपीडीए आणि संघटित गुन्हेगारीविरुद्धचा 1999 चा मकोका हेही राज्याचेच कायदे आहेत. आढाव्याच्या वहीत दोन रकाने पाडावेत, एक केंद्राचा आणि एक राज्याचा, आणि कोणताही मुद्दा रकान्यात बसवल्याशिवाय पुढे लिहू नये.

कायद्याचा पाठ मिळवा आणि तो सगळा वाचा

इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर सर्व दुरुस्त्यांसह कायदा मिळतो. मराठी भाषांतर समजण्यासाठी जवळ ठेवावे, पण केंद्रीय कायद्याच्या शब्दावरून वाद निघाला तर इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो, हे लक्षात ठेवून दोन्ही समोर ठेवून वाचावे. 1989, 2001, 2014 आणि 2021 च्या दुरुस्त्या वेगवेगळ्या रंगांनी खुणावाव्यात. त्यातही 2001 ची दुरुस्ती नीट समजून घ्यावी, कारण सापडलेल्या मालाच्या वजनानुसार शिक्षेच्या तीन पायऱ्या त्याच दुरुस्तीने आल्या. अल्प प्रमाण, व्यावसायिक प्रमाण आणि या दोहोंच्या मधले प्रमाण अशा त्या पायऱ्या आहेत, आणि 19 ऑक्टोबर 2001 च्या अधिसूचनेत पदार्थनिहाय आकडे दिले आहेत. गांजासाठी 1 किलो आणि 20 किलो, चरसासाठी 100 ग्रॅम आणि 1 किलो, हेरॉइनसाठी 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम अशा त्या सीमा आहेत; पहिला आकडा अल्प प्रमाणाचा, दुसरा व्यावसायिक प्रमाणाचा. मेफेड्रोन, ज्याला सगळे एमडी म्हणतात, ते 2015 मध्ये या यादीत आले आणि त्याच्या सीमा 2 ग्रॅम आणि 50 ग्रॅम आहेत.

शब्दन् शब्द का वाचायचा, याचे कारण कलम 27अ मध्ये सापडते. बेकायदा व्यापाराला पैसा पुरवणाऱ्याला 10 ते 20 वर्षांची सक्तमजुरी देणारे हे कलम "बेकायदा व्यापार" या शब्दांच्या व्याख्येसाठी कलम 2 मधील एका उपखंडाकडे बोट दाखवते. 2014 मध्ये संसदेने त्या जागी अत्यावश्यक गुंगीकारक औषधांची नवी व्याख्या घातली आणि जुनी व्याख्या एक अक्षर पुढे सरकवली. कलम 27अ मधील बोट मात्र जुन्याच अक्षरावर राहिले. परिणामी, एवढ्या कठोर शिक्षेचे कलम सात वर्षे चुकीच्या व्याख्येकडे पाहत होते, आणि 2021 मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने ते दाखवून दिल्यावर 30 सप्टेंबर 2021 रोजी अध्यादेश काढावा लागला. देशभर शेकडो वकील हे कलम रोज उघडत होते, मीही त्यांतलाच एक. आमच्या गटातील मुख्याध्यापकांनी ही गोष्ट ऐकल्यावर जो नियम घातला तो आम्ही अजून पाळतो: एका कलमात दुसऱ्या कलमाचा उल्लेख आला की गटातील दुसऱ्या माणसाने ते कलम उघडून मोठ्याने वाचायचे.

न्यायालयीन निर्णयांनी कायद्याचा अर्थ कोठे बदलला तेही समासात लिहावे लागते. पुन्हा गुन्हा करणाऱ्याला मृत्युदंड सक्तीचा करणारी तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि 2014 च्या दुरुस्तीने ती न्यायाधीशाच्या निर्णयावर सोपवली. भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2020 मध्ये हिरा सिंग प्रकरणात ठरवले, त्यामुळे 55 ग्रॅम पुडीत एमडी नावापुरते असले तरी प्रमाण व्यावसायिक ठरते आणि किमान शिक्षा 10 वर्षांची होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तोफान सिंग प्रकरणात, कलम 67 खाली अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही, असा निर्णय झाला. आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याखालील सर्व गुन्हे अजामीनपात्र असल्याचे म्हटले, म्हणजे सहा महिने कैदेच्या गुन्ह्यातही जामीन हा आरोपीचा हक्क राहिला नाही.

पुळणीपासून निकालापर्यंत एक प्रकरण चालून पाहा

कायदा कलमांच्या क्रमाने वाचून झाला की तो घटनेच्या क्रमाने वाचावा. खबर मिळाली, झडती झाली, माल जप्त झाला, नमुना काढला, प्रयोगशाळेत गेला, दोषारोपपत्र आले, जामीन झाला किंवा नाकारला, खटला चालला: प्रत्येक पायरीला कोणते कलम लागते, ते कोणी पाळायचे आणि न पाळल्यास काय होते, असे तीन प्रश्न विचारावेत. कलम 42 प्रमाणे खबर लिहून घेऊन ती 72 तासांत वरिष्ठांना पाठवायची असते. कलम 50 प्रमाणे अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगायचा असतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये या बाबतीत काटेकोर पालन हवे असे बजावले आहे. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढण्याची पद्धत कलम 52अ मध्ये आणि 2022 च्या नियमांत आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 मुळे झडतीचे चित्रीकरणही बंधनकारक झाले.

या वाटेवर मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली जागा वजनाची आहे, आणि कोकणात ती अधिकच महत्त्वाची ठरते. जुलै महिन्यातील एका पंचनाम्याची नक्कल आम्ही गटात वाचली. एस. टी. स्थानकामागे एका मुलाकडे प्लास्टिकच्या पिशवीत "हिरवट, ओलसर, उग्र वासाचा, पाने-काड्या-बोंडे-बिया असलेला" पदार्थ मिळाला. जवळच्या किराणा दुकानातून वजनकाटा आणला आणि पंचांसमक्ष वजन केले असता ते "पिशवीसह 1 किलो 60 ग्रॅम" भरले, असे त्यात लिहिले होते. पिशवीचे वेगळे वजन नाही, काड्या वेगळ्या केल्याची नोंद नाही, काट्याच्या पडताळणीचा उल्लेख नाही. मुसळधार पावसात भिजलेला माल महिन्याभराने वाळल्यावर किती भरेल, याची कल्पना ज्याने आगोटीला सुकट राखली आहे त्याला सांगायला नको. एक किलोच्या आत असेल तर शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष, वर गेले तर दहा वर्षांपर्यंत. साठ ग्रॅममध्ये पिशवी किती, पाणी किती आणि कायद्याच्या व्याख्येतला गांजा किती, हे त्या कागदावरून कोणालाही सांगता येत नाही.

यावर उपाय सुचवताना आढावा कायद्यापासून कामाच्या पद्धतीकडे वळतो. पडताळणी केलेला डिजिटल काटा प्रत्येक पोलीस ठाण्यात असावा, पिशवीचे वजन वेगळे लिहावे, काड्या, सुटी पाने आणि बिया वेगळ्या करून शेंड्यांचे वजन स्वतंत्र नोंदवावे, आणि ओलसर मालाच्या बाबतीत दंडाधिकाऱ्यांसमोरील नमुन्याच्या वेळी पुन्हा वजन करावे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी संसदेकडे जावे लागत नाही. गृह विभागाचे परिपत्रक पुरते. हे सुचवल्याने गुन्हेगार सुटतील अशी भीती आमच्याच गटात एकाने बोलून दाखवली होती. माझा अनुभव उलटा आहे, कारण ढिसाळ पंचनाम्याचा पहिला फायदा चांगला वकील परवडणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यालाच मिळतो.

कलम 64अ कोठे अडले आहे ते शोधा

आढाव्यातील सर्वाधिक वेळ येथे द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. कलम 27 प्रमाणे सेवन हा गुन्हा आहे. कोकेन, मॉर्फीन आणि हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पण त्याच कायद्यात दोन दारे उघडी ठेवलेली आहेत. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचारासाठी पुढे आला तर कलम 64अ प्रमाणे त्याच्यावर खटला चालत नाही, मात्र त्याने उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. आणि खटला होऊन दोष सिद्ध झाला तरी कलम 39 प्रमाणे न्यायालय त्याला लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीने, उपचारासाठी सोडू शकते.

दोन्ही कलमांत एक अट सारखी आहे. उपचार शासनाने (कलम 64अ मध्ये स्थानिक प्राधिकरणानेही) चालवलेल्या किंवा मान्यता दिलेल्या संस्थेतच झाले पाहिजेत. येथे गाडी अडते. कलम 71 खाली अशी केंद्रे काढण्याचा आणि त्यांना मान्यता देण्याचा अधिकार सरकारचा आहे, रुग्णालये राज्याचा विषय आहेत, आणि तरीही मंडणगड किंवा देवगडसारख्या तालुक्यातील आईने "माझ्या मुलाला कोठे नेऊ म्हणजे कायद्याचे संरक्षण मिळेल" असे विचारले तर तिला देण्यासाठी जवळचा पत्ता आपल्याकडे नसतो. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पुण्यात 1986 पासून चाललेले मुक्तांगण आहे. पण खलाशाच्या मुलाला उपचार आणि त्यानंतरचा पाठपुरावा यांसाठी घाट चढून पुन्हा पुन्हा जाणे भाड्यामुळे आणि हंगामामुळे जमत नाही. केंद्र जवळ नसेल तर संसदेने दिलेली सवलत किनाऱ्यावरील माणसाच्या बाबतीत कागदावर राहते.

म्हणून आढाव्यात पुढील गोष्टींची खातरजमा करावी: आपल्या जिल्ह्यातील कोणती रुग्णालये आणि केंद्रे या कलमांसाठी मान्य आहेत, त्याची यादी पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात लावलेली आहे का, अटक झालेल्या मुलाला हा हक्क कोणी सांगतो का, आणि मागील पाच वर्षांत किती जणांना तो मिळाला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अंमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात, त्यामुळे तो कायदाही शेजारी ठेवून वाचावा. माझ्या एका अशिलाच्या वडिलांनी जामिनासाठी होडीचे इंजिन विकले होते. मुलगा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याच्याकडे चाळीस ग्रॅम गांजा मिळाला होता. उपचारांचा अर्ज मी केला, पण मान्य संस्थेचे पत्र मिळवण्यात इतके आठवडे गेले की तोवर तो गाव सोडून निघून गेला. त्या फाइलवर "प्रलंबित" असे लिहिलेले अजून माझ्या कपाटात आहे, आणि या परिच्छेदाची लांबी त्यामुळे वाढली असेल तर वाचकांनी समजून घ्यावे.

आकडे मागवा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात जिल्ह्याच्या पातळीवरील सगळी उत्तरे मिळत नाहीत. त्यासाठी 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा लागतो. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा असल्याने एकाच अर्जात सगळे कोंबू नये. पोलीस अधीक्षक कार्यालयाला एक, प्रयोगशाळेला एक, जिल्हा शल्यचिकित्सकांना एक, असे वेगळे अर्ज करावेत. "अंमली पदार्थांच्या प्रकरणांची माहिती द्यावी" असे मोघम विचारले तर उत्तरही मोघम येते. "1 जानेवारी 2020 ते 31 डिसेंबर 2024 या काळात दाखल गुन्ह्यांची वर्षनिहाय संख्या, त्यांपैकी अल्प, मधल्या आणि व्यावसायिक प्रमाणाचे गुन्हे किती, व केवळ कलम 27 चे किती" असे विचारले की हिशेबाला येईल असा तक्ता मिळतो. प्रयोगशाळेकडून नमुना मिळाल्याची आणि अहवाल दिल्याची तारीख मागावी, कारण या दोन तारखांमधले दिवस माणूस बहुधा कोठडीत काढत असतो. मिळालेला आकडा जसा आहे तसाच लिहावा. आपल्या मताला तो सोयीचा नसला तर विशेषच.

कोणाचे ऐकावे

पोलिसांचे ऐकावेच, बंदोबस्त, आरोपींची ने-आण आणि न्यायालयातील तारखा यांत त्यांची किती माणसे अडकतात हे त्यांच्याकडूनच कळते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अंमली पदार्थविषयक समन्वय समिती असते, तिच्या बैठकीत पाच मिनिटे मागावीत. महाविद्यालयांचे प्राचार्य, औषध दुकानदार, लोटे-परशुराम आणि महाड येथील रासायनिक वसाहतींमधील कारखानदार यांनाही भेटावे, कारण नियंत्रित रसायनांच्या नोंदी 2013 च्या आदेशाप्रमाणे त्यांना ठेवाव्या लागतात.

एक माणूस मात्र हमखास विसरला जातो, तो म्हणजे शेवटच्या अवस्थेतील कर्करोगाचा रुग्ण. मॉर्फीन हे याच कायद्याखाली येते. परवान्यांच्या कटकटीमुळे ते मिळत नव्हते म्हणून 2014 च्या दुरुस्तीने अत्यावश्यक गुंगीकारक औषधांसाठी देशभर एकच पद्धत आणली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवता येऊ लागले. ही मान्यता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मिळते. आपल्या जिल्ह्यात अशा संस्था किती आहेत आणि मॉर्फीनच्या गोळ्यांसाठी किती कुटुंबांना मुंबई गाठावी लागते, हे विचारल्याशिवाय अंमली पदार्थांच्या कायद्याचा आढावा पुरा झाला असे मी मानणार नाही.

शिफारस नेमक्या शब्दांत लिहा

"कायदा अधिक मानवी करावा" या वाक्यावर कोणताही अवर सचिव काही करू शकत नाही. प्रत्येक शिफारशीत कोणी, कोणत्या अधिकाराखाली, काय करावे आणि त्यामुळे कोणता मजकूर बदलेल, हे यायला हवे. तांडेलांच्या प्रश्नावर आम्ही पहिला मसुदा असा केला: "समुद्रात अथवा किनाऱ्यावर बेवारस स्थितीत सापडलेल्या संशयित अंमली पदार्थाची खबर जी व्यक्ती 112 अथवा 1093 या क्रमांकावर तात्काळ देईल, तिचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवण्यात यावा, आणि केवळ पदार्थ उचलल्याच्या कारणावरून तिच्याविरुद्ध गुन्हा नोंदवण्यात येऊ नये, असे परिपत्रक गृह विभागाने काढावे."

तो सोसायटीत वाचून दाखवला तेव्हा तांडेलांनी "तात्काळ" या शब्दावर बोट ठेवले. खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते आणि फेरी चार-सहा दिवसांची असते. मग "संपर्काच्या कक्षेत आल्यावर किंवा बंदराला लागल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा" असा बदल झाला, आणि पाकीट न उघडता वेगळ्या क्रेटमध्ये ठेवून सापडल्याची जागा व वेळ बोटीच्या वहीत लिहावी, ही भरही त्यांनीच सुचवली. ज्यांच्यावर मजकूर लागू होणार आहे त्यांना तो मराठीत, मोठ्याने वाचून दाखवावा, हे मी त्या संध्याकाळी शिकलो.

नव्या कायद्यांचे परिणाम तपासताना दोन कायदे शेजारी ठेवावेत. जुलै 2025 च्या पावसाळी अधिवेशनात विधिमंडळाने मकोकामध्ये अंमली पदार्थांच्या व्यापाराचा समावेश करणारी दुरुस्ती मंजूर केली. मोठ्या टोळ्यांसाठी ती हवी, असे पोलीस सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण एनडीपीएस प्रकरणात तपास अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य नाही, तर मकोकाच्या कलम 18 प्रमाणे पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य आहे, म्हणजे तोच आरोपी कोणत्या कायद्याच्या दारातून आत येतो यावर पुरावा ठरणार. मकोकासाठी तीन वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे लागतात. अल्प प्रमाणाचा गुन्हा त्यात बसत नाही, मधल्या प्रमाणाचा बसतो. अशा वेळी पंचनाम्यातील ते साठ ग्रॅम पुन्हा समोर येतात.

कोठे आणि कधी द्यावे

आपल्या आमदारांना सर्वप्रथम द्यावे, आणि त्यांच्या हाती आयता तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचनेचा मसुदाही ठेवावा, कारण अधिवेशनाच्या धामधुमीत नऊ पाने कोणी वाचत नाही. विधान परिषदेतील सदस्यांना विसरू नये. विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे रीतसर अर्ज करता येतो. एखादे विधेयक संयुक्त समितीकडे गेले की नागरिकांकडून सूचना मागवल्या जाऊ शकतात. शहरी नक्षलवादाविरुद्धच्या जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी अशा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. अधिवेशनाच्या किमान सहा आठवडे आधी कागद पोचलेला असावा. काट्यांसाठी, प्रयोगशाळेतील पदांसाठी आणि उपचार केंद्रांसाठी पैसा मागायचा असेल तर तो मुद्दा अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी, म्हणजे डिसेंबरातच दिलेला बरा.

निवेदन देताना आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. तीन महिन्यांत उत्तर न आल्यास त्या क्रमांकाचा उल्लेख करून नस्तीवरील (फाइलवरील) टिपण्यांच्या प्रती माहिती अधिकारात मागाव्यात. आमच्या दुसऱ्या निवेदनाच्या टिपण्या अशाच मिळाल्या. वजनाच्या पद्धतीचा मुद्दा एका कक्ष अधिकाऱ्याने "तपासण्यायोग्य" असा शेरा मारून पुढे पाठवला होता आणि तो आरोग्याशी संबंधित समजून चुकीच्या टेबलावर जाऊन पडला होता. आम्ही त्या शेऱ्याची प्रत जोडून स्मरणपत्र थेट योग्य कार्यासनाला पाठवले, आणि पुढच्या अधिवेशनाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.